शिमग्याला येतील

सूर्यमाळ,
कार्तिक वद्य अष्टमी, शके १८४०

ती. भागीवहिनीस राघोचा दंडवत.

वामन गाडीवानाबरोबर एक मुलगी पाठवत आहे. नाव लाडकी. वय सात-आठ असेल. खालच्या पाड्यातल्या ढवळू आणि रामीची ही मुलगी. दोघं नवराबायको मानमोडीच्या तापात एकाच दिवशी गेली. पाड्यात अकरा घरं होती, आता चार घरांतून धूर निघतो. म्हातारी आजी होती, ती त्यांच्याही आधी गेली. पोरीला ठेवून घेणारं कुणी उरलं नाही. तुम्ही एकट्या आहात, कांडणाला तेवढाच हात मिळेल, म्हणून तुमच्याकडे पाठवतो.

आमच्या घरची बातमी कानावर आली असेलच. तान्हा चार दिवस ताप काढून गेला. पोशीच्या मांडीवरच गेला. ती जेवत नव्हती, बोलत नव्हती. जास्त लिहवत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. आईबाप वारले हे लाडकीला ठाऊक नाही. ते जगायला गेलेत, कल्याणकडे, आणि शिमग्याला येतील असं मी तिला सांगितलं आहे. तिला त्याचं नवल वाटलं नाही. भात कापून झालं की ही बिनजमिनीची माणसं पोटासाठी मुलूख सोडतात आणि होळीला परत येतात, हे ती जन्मापासून बघते आहे. मागच्या साली तिला आजीजवळ ठेवूनच गेली होती. तुम्हीही हेच सांगावं. शिमग्यापर्यंत पोर विसरेल.

राघो


जव्हार,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

राघोभावजी,

पत्र लिहिलंत की पंचनामा? 'नाव लाडकी, वय सात-आठ असेल.' जंगलातला साग चोरीला गेला की वरच्या साहेबाला असंच लिहिता काय? पण तान्ह्याचं वाचलं आणि पुढची अक्षरं मला बराच वेळ दिसलीच नायत. पोशीला सांगा, भागी तोंडाची फटकळ हाय, पण दगड नाय. तिला म्हणावं रड. नाय रडली तर आत साचतं.

आता तुमच्या मुलीचं. गाडीतून उतरली ती मिठाच्या गोणीसारखी. ठेवली तिथं राहिली. तोंडातून अक्षर नाय. जेवायला भिंतीला पाठ लावून बसते आणि मी उठले की ताटली घेऊन तीपण उठते. मी तिचं नाव सासूबाई ठेवलंय. 'सासूबाई, आज कालवणात मीठ बरं पडलंय का?' म्हणून विचारते, तर नुसती बघते. जन्मात मला एवढं गप्प कुणी केलं नव्हतं. तुमच्या दादांना तर मरेपर्यंत जमलं नाय.

तुम्ही सांगितलंत तसंच मीपण सांगते. शिमग्याला येतील, शिमग्याला येतील. माझ्या जिभेचं काय जातंय?

पण एक गंमत झाली. परवा तिला पाण्याला पाठवली. विहीर काय, हाकेवर. तर ऊन डोक्यावर आलं तरी बाईसाहेबांचा पत्ता नाय. आली तेव्हा मी दारात कमरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, "अगं बया, पाण्याला एवढा उशीर? म्हणूनच तुझी आयस तुला ठेवून गेली वाटतं!" आणि हसले. शेजारची चंद्रापण हसली. ती नाय हसली. पण भावजी, औषध कसं लागू पडलं बघा! दुसऱ्या दिवसापासून पोरगी कोंबड्याच्या आधी उठते. मी डोळे उघडते तोवर हंडा भरलेला, कळशी भरलेली, मडकं भरलेलं. चंद्रा म्हणते, "भागे, अशी सून मलापण बघ." म्हटलं, "सून कसली, सासू हाय. सून मी."

तुमच्या घरी अशी कामसू बाई हवी होती तर मला कशाला पाठवलीत? आता मागाल तरी देणार नाय.

भागी


सूर्यमाळ,
पौष शुद्ध तृतीया

ती. वहिनीस दंडवत.

पत्र वामनानं खोडाळ्याच्या बाजारात दिलं. मुलगी कामाला लागली हे वाचून बरं वाटलं. माझा जीव भांड्यात पडला. कामात राहिली की आठवण कमी होईल. फार विचारपूस करू नये, खपली निघते.

पोशी आता बरी आहे. जेवते. कधी हसतेही.

या साली पाऊस अर्ध्यावर गेला, त्यामुळे इथली झरी आत्ताच आटत आली आहे. पुढचे महिने कसे जातील देव जाणे.

राघो


जव्हार,
पौष वद्य एकादशी

भावजी,

हे पत्र नीट वाचा, चुलीपुढं बसून वाचू नका.

पोरीचं काहीतरी बिघडलंय. हंडा-कळशी भरते म्हणून मी फुशारक्या मारल्या, ते गिळते. ती आता घरातली सगळी भांडी भरून ठेवते. काल बघते तर वाट्या भरलेल्या, पळी भरून भिंतीला टेकवलेली, देवापुढची पणती तेल ओतून देऊन पाण्यानं भरलेली. पीठ मळायला परात घेतली तर त्यातपण पाणी. टाचांना भेगा पडल्यात, त्यातून रक्त येतं. मी मडकं माळ्यावर लपवलं, तर तांब्या घेऊन गेली. तांब्या काढून घेतला, तर रिकाम्या हातानं विहिरीवर जाऊन ओंजळ भरून घेऊन आली. दारापर्यंत येताना सगळं सांडलं होतं. ओल्या हाताकडं बघत उभी राहिली. मी तिला सासूबाई म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रागावून बघितलं, गूळ देऊन बघितला. अंग चोळून दिलं. हात लावला की लाकूड होते.

आणखी एक. झोपेत ती 'धाकले, धाकले' करते. सकाळी विचारलं, धाकली कोण गं? तर म्हणाली, "माझी बहीण. आयसनं तिला नेली, मला नाय नेली." दोन महिन्यांत एवढं एकच सलग बोलली. भावजी, तुमच्या पंचनाम्यात धाकलीचं नाव कुठंच नाय. तीपण तापात गेली का? गेली असेल तर तसं लिहा. मला ठाऊक असलेलं बरं.

भागी


सूर्यमाळ,
माघ शुद्ध सप्तमी

ती. वहिनीस दंडवत.

मुलीला बाहेरचं काही लागलं असेल. आमच्याकडच्या भगताचा अंगारा पुडीत पाठवत आहे, कपाळाला लावून उरलेला पाण्यातून द्यावा. विहिरीवर एकटीला पाठवू नये.

शिमगा सव्वा महिन्यावर आला. तोवर धीर धरावा. पुढं काय सांगायचं ते तेव्हा बघू.

पोशीनं तुम्हाला दंडवत सांगितला आहे. परवा ती कांडताना गात होती.

राघो


जव्हार,
माघ वद्य द्वादशी

राघोभावजी,

अंगारा चुलीत टाकला. पोरीला बाहेरचं काय लागलेलं नाय. तिला मी लागलेय. कसं ते सांगते.

मी धाकलीचं विचारलं, तुम्ही भगताचं लिहिलंत. आणि खाली पोशी गाते म्हणून लिहिलंत. भावजी, मीपण बाई हाय. तान्हं गेलेली बाई तीन महिन्यांत गायला लागते ती अंगाऱ्यानं नाय. तिच्या मांडीवर कुणीतरी हाय. तुम्ही नाव लिहिलं नाय, तरी मी वाचलं.

पण ते नंतर. आधी हे ऐका.

मागच्या ओढ्याकाठी एक पळस हाय. लाडकी रोज तिकडं जाते. परवा मी हळूच मागं गेले. तर फांदी वाकवून कळ्या नखानं उघडत होती. पळस फुलला की शिमगा येतो, असं तिच्या बापानं सांगितलेलं. एवढीशी नखं काळी झालेली.

घरी आणली आणि भात कांडायला घेतला. दोघी समोरासमोर, एक मुसळ तिचं, एक माझं. आणि मुसळ टाकता टाकता ती बोलायला लागली. माझ्याकडं बघत नव्हती, उखळात बघत होती. मी मधे एक शब्द घातला नाय. आयुष्यात पहिल्यांदा.

म्हणाली, "आयस पाणी पाणी करत होती. बा बी. ओढ्यातल्या डवऱ्याला गेले तं खड्ड्यात पाणी नव्हतं. उकरलं. वाटीवाटीनं मडकं भरलं. लय वेळ गेला. आले तं राघोकाका दारात. बोलला, गेलीत. धाकलीला बी नेली. मला उशीर झाला. म्हणून मला ठेवून गेलीत."

माझं मुसळ थांबलं. तिचं चालूच.

"तू बी तेच बोललीस," म्हणाली. "पन आता मी उशीर नाय करत. शिमग्याला आली का तू सांगशील ना त्यांना?"

भावजी, त्या दिवशी दारात मी काय बोलले ते तुम्हाला हौसेनं लिहिलं होतं. ते पत्र असेल तर पुन्हा वाचा. पोरगी मनात जे एकटी धरून बसली होती, त्यावर मी हसत हसत शिक्का मारला. तिला वाटलं, जव्हारात बसलेल्या बाईलापण ठाऊक हाय, म्हणजे खरंच असणार. तीन महिने ती पाणी नाय भरत, दंड भरतेय. आणि मी चंद्राला दाखवत होते, बघ कशी गुणाची.

तुम्ही लिहिता, विसरेल. मूल विसरत नाय हो, वाट बघतं. आणि शिमग्याला कुणी आलं नाय तर तिला वाटेल, अजून पाणी कमी पडलं.

मी तिला घेऊन येते. होळीच्या आधी पोचते. धाकली तुमच्याकडं हाय की नाय, एवढं तरी सरळ लिहा. 'होय' म्हणायला दोनच अक्षरं लागतात.

भागी


सूर्यमाळ,
फाल्गुन शुद्ध चतुर्थी

वहिनी,

होय.

त्या सकाळी मी पाड्यात गेलो तेव्हा दोघं गार झाली होती. धाकली मधे पडली होती, दोन वर्षांचं पोर, आईचं लुगडं चोखत होती. तिला उचलून आधी घरी पोशीपाशी ठेवली. पोशीचं दूध अजून सुकलं नव्हतं. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. विचारलं, हिचं कुणी उरलंय का? मी म्हटलं, कुणी नाही. मग शेजारच्या कान्ह्याला हाताशी घेऊन परत पाड्यात आलो, दोघांना मातीआड करायला. दारात पोचलो तर समोरून लाडकी येत होती. हिला मी विसरलोच होतो. डोक्यावर मडकं, गळ्यापर्यंत भरलेलं, एक थेंब सांडू नये म्हणून मान ताठ धरून येत होती. मी दाराची ताटी ओढून घेतली. त्या मडक्याकडे बघून मला खरं बोलता येईना. तोंडातून निघालं, गेलीत. ती म्हणाली, जगायला? मी होय म्हटलं. खोटं तिनंच हातात दिलं, मी नुसतं घेतलं. धाकली कुठे म्हणाली, तेव्हा तिलाही नेली म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? कान्ह्याला वरच्या मोहाच्या झाडाखाली खड्डा खणायला पाठवला आणि लाडकीला वामनाच्या घरी नेऊन ठेवली.

पोशीला लाडकीचं अजून ठाऊक नाही. वहिनी, तुम्ही येऊ नका. थोरली बहीण दारात उभी राहिली तर धाकली हातातून जाईल असं पोशीला वाटेल. ती दुसऱ्यांदा उभी राहणार नाही. माझ्यानं दोन घरं सांभाळवत नाहीत. तुमच्या पाया पडतो.

राघो


जव्हार,
चैत्र शुद्ध पंचमी, शके १८४१

राघोभावजी,

हे पत्र तुम्हाला कारण तुम्ही ऐन वेळी पळालात. मी वाटेवर दिसले मात्र, तुम्हाला वणव्याचा पहारा आठवला. होळीचे तीन दिवस जंगल काय एकटं तुम्हालाच हाक मारत होतं? असो. जे बघायला तुम्ही थांबला नायत ते लिहून कळवते. तुमच्यासारखंच, क्रमानं.

मी ठरवलं होतं सूर्यमाळला पोचून सांगायचं. पण खोडाळ्याला बाजार भरला होता. जगायला गेलेली माणसं परतत होती. डोक्यावर गाठोडी, पोरांच्या गळ्यात साखरेच्या गाठी, एकमेकांना हाका. लाडकी माझा हात सोडून प्रत्येक बाईच्या तोंडाकडं बघत पुढं जात होती. एका बाईचा पदर मागून धरला. ती वळली. दुसरीच होती. तेव्हा माझ्यानं पुढं एक पाऊल टाकवेना.

तिला बाजाराच्या कडेला बसवली. म्हटलं, लाडके, ती येणार नायत. ती जगायला गेलीच नव्हती. ताप आला आणि तापानं मेली. तू पाण्याला गेलीस तेव्हा मरणाच्या दारातच होती ती. तू पळत आली असतीस तरी मेली असती. तुझ्या पाण्यानं काय झालं नाय, उशिरानंपण नाय. त्या तापात जव्हारातली भरल्या विहिरीजवळची माणसं मेलीत. आणि धाकली जिती हाय.

मग म्हणाली, "तुला ठावं होतं?"

म्हटलं, होतं.

"मंग हसलीस कां?"

भावजी, मला लोक भागी तोंडाळ म्हणतात. त्या तोंडातून 'चुकले' एवढंच निघालं. तिनं ऐकलं की नाय, ठाऊक नाय. उठली आणि माझ्या दहा पावलं पुढं चालायला लागली. सूर्यमाळपर्यंत दहाची नऊ झाली नायत.

तुमच्या दारात पोशी उभी, कडेवर धाकली. मी सगळं सांगितलं. तिनं धाकलीला एवढी आवळली की पोर रडायला लागली. लाडकी अंगणातच थांबलेली. धाकलीनं तिला ओळखलं नाय. ओळखेल असं मला वाटलं होतं, पण नाय. पोशीच्या मानेत तोंड खुपसून 'आय, आय' करत राहिली. लाडकीच्या तोंडावरची एक रेघ हलली नाय.

पोशीनं पोरीला गप्प करायला पेजेची वाटी घेतली. तशी अंगणातून लाडकी बोलली, "तिला ऊन पेज नको देऊ. तिची जीभ भाजते. आधी आपल्या ओठाला लावायची."

पोशीनं वाटी आपल्या ओठाला लावली. मग दारातून बाजूला झाली आणि म्हणाली, "तूच ये. मला दाखव."

एवढंच झालं. मला वाटलं होतं, दोन बायकांत आता केस ओढायची वेळ येईल.

दुसऱ्या दिवशी कान्ह्यानं मोहाखालची जागा दाखवली. दोघांचे दिवस कुणी घातले नव्हते, पाणी कुणी दिलं नव्हतं. देणारं माणूस तर तुम्ही माझ्याकडं पाठवून दिलेलं. लाडकीला म्हटलं, मेलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, ते पोरानं द्यायचं असतं, आणि त्याला उशीर होत नाय. त्याची वेळ देणारा येईल तीच. ती डवऱ्यावर गेली. मी पाठोपाठ गेले नाय, पोशीलापण जाऊ दिलं नाय. डवऱ्यात चिखल उरलाय, तुम्हाला ठाऊकच हाय. ऊन चढलं, माथ्यावर आलं, आम्ही मोहाखाली बसलेल्या. धाकली मोहाची फुलं वेचून खात होती. तिसऱ्या प्रहराला लाडकी आली, डोक्यावर मडकं, मान ताठ. सगळं मडकं ओतलं. आईच्या बाजूला जास्त ओतलं. मग मातीवर पालथी पडून जे ओरडली, ते तुम्हाला वणव्यापर्यंत ऐकू गेलं असेल. पोशीपण तिच्याशेजारी बसून रडली. तिचं स्वतःचं होतं, तेपण तिथंच निघालं. मी धाकलीला धरून बसले.

आता पुढचं. पोशी आणि धाकली माझ्याबरोबर इकडं आल्यात, हे तुम्ही रिकाम्या घरावरून ओळखलंच असेल. तुमच्याकडं प्यायला पाणी नाय, इथं विहीर हाय. उन्हाळाभर राहतील. पावसाला काय करायचं ते पावसाला बघू. पण दोघी बहिणींना पुन्हा दोन गाड्यांत घालायचं नाव काढलंत तर मी येऊन तुमच्या मिश्या उपटीन. तोवर स्वतःच्या हातची नाचणीची भाकरी खा. करपली तर खरडून खा.

सगळं बरं झालं असं समजू नका. लाडकी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाय. पोशीशी बोलते, माझ्याशी नाय. दोनदा पहाटे उठून वाट्या भरताना सापडली. मी काय बोलले नाय, शेजारी बसून मीपण एक वाटी भरली. धाकली अजून तिला नावानं हाक मारत नाय. पण काल तिच्या केसाला धरून चालत होती.

आज सकाळी जाग आली तर ऊन घरात आलेलं. हंडा बघितला, रिकामा. कळशी रिकामी. वाटलं, पोरगी गेली. धावत पडवीत आले तर दोघी बहिणी घोंगडीत, धाकलीचा पाय लाडकीच्या पोटावर, आणि लाडकी जागी, आढ्याकडं बघत पडलेली. मी हळूच म्हटलं, "घरात पाण्याचा थेंब नाय गं."

तिनं मान वळवली. पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून बोलली, "तू आण."

मी हंडा उचलला. दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला, "आन उशीर नको करू. नायतर आमी जगायला जाऊ."

मी वळून बघितलं. मला हसायची भीती वाटली, भावजी. खरं सांगते, उभी राहिले तशीच, हंडा कमरेवर घेऊन.

आधी ती हसली. मग मी.

भागी